चौथी सावंदी

माझा राग वाईट. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तोंड वाईट करून घ्यायला नको. सोनूबाई तांडेलीण समोरून आली की आरे-वाऱ्याची माणसं आधी वाट बदलायची आणि मग लांबून नमस्कार करायची, असं दर्यावर फिरणारा आमचा गफूर म्हणतो. गफूरला वाढवून सांगायची खोड आहे. पण अगदीच खोटं नाही ते.

तर ही त्या रागाची गोष्ट. म्हणजे गोष्ट माझ्या लेकीची, हौसाची. राग तेवढा माझा.

आमची वाडी सावंदीच्या मुखावर. सावंदी ही नदी, पण मोठी नदी डोळ्यांपुढे आणू नका. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, आणि पावसात तिच्यापुढे उभं राहायची कुणाची टाप नाही, एवढीच ती. मुखाशी भरती लागली की मासळीचे मचवे आत यायचे आणि थेट घरांच्या मागे बांधायचे. वीस घरं होती आमची, सगळी दर्यावर पोट असलेली. माझा घोव मचव्याचा तांडेल. तो गेला तो मुखाशीच, वाळूच्या दांड्यावर मचवा आपटून. तेव्हापासून तिथे दर पावसाळ्यात गाळ वाढत गेला. शेवटी भरतीलासुद्धा मचवा आत येईना. बाहेर उघड्यावर नांगर टाकायचा आणि वादळ आलं की देवाचं नाव घ्यायचं, अशी गत झाली.

पंचवीस साली माझा जावई भागोजी म्हणाला, "मामी, हितं आता काय राहिलं नाय. उत्तरेकडं खाड्या खोल आहेत. आम्ही जातो." भागोजी माझ्या नणंदेचा मुलगा, म्हणून मामी म्हणायचा. अकरा घरं त्याच्याबरोबर निघाली. हौसा अर्थातच त्याच्याबरोबर. माझी एकुलती एक.

मी म्हटलं, जा. काय म्हणणार दुसरं? पण आतून जळत होते. ज्या पाण्यात हिचा बाप गेला त्याला पाठ दाखवून ही चालली, एवढंच मला दिसत होतं. पोटापाण्याचं मला दिसत नव्हतं.

आता आमच्यातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची वस्ती हलते तेव्हा नदीचं नावही हलतं. वाडीतली सगळ्यात वडील बाई गडूत नदीचं पाणी भरते, तोंडाला फडकं बांधते आणि जाणाऱ्यांच्या म्होरक्याच्या बायकोच्या हाती देते. नवी घरं जिथे उभी राहतील तिथल्या पाण्यात ते ओतायचं आणि तीनदा नाव घ्यायचं. झालं, ते पाणी सावंदी झालं आणि माणसं तिथली झाली. आमच्या लग्नात नवरीचे पाय धुताना म्हणतात, वरली सावंदी, मधली सावंदी, खालली सावंदी. खालली म्हणजे आमची. वरली नि मधली कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. नवरीला म्हणायचं म्हणून म्हणायचं.

तर निघायच्या दिवशी सकाळी सगळे वाळूवर जमले. सामान मचव्यांत चढलं. गडू भरायचा मान माझा आणि घ्यायचा हौसाचा. मी जागची हलले नाही. ती बिचारी वाट पाहून पाहून स्वतःच पाण्यात उतरली, गडू भरून घेतलान आणि माझ्यापुढे धरलान. "आये, हात तरी लाव."

मी हात लावला आणि गडू पालथा केला. सगळ्या वाडीसमोर.

"पाणी न्यायचं नाही नि नावपण नाही," मी म्हटलं. "सावंदी एकच. जिथे जाल तिथल्या कुठल्या डबक्याला हे नाव दिलंत, तर मी मेले असं समजा."

हौसा रिकामा गडू कमरेला लावून मचव्यात चढली. मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं. बघेल तरी कशी, लेक कुणाची आहे.

पहिलं वर्ष मी तोऱ्यात काढलं. दुसऱ्या वर्षी शिमग्याला मुंबईची माणसं आली, पालखी दारोदार फिरली, आणि हौसाच्या बंद दारापुढेही भोयांनी ती क्षणभर टेकवली, तेव्हा माझा तोरा उतरला. तिथून पुढे दर्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत सुटले. गफूर तेव्हा दाभोळच्याही पुढे मचवा न्यायचा. तो एका फेरीत अंजनवेल, दुसऱ्या फेरीत बुरोंडी, असं बंदर बंदर विचारून यायचा. कुलाब्याकडे एका खाडीत दोन वर्षं होते, तिथे मचवे फुटले, मग कुठे गेले ते ठाऊक नाही. एवढीच बातमी.

"सोनूकाकी," गफूर म्हणायचा, "दर्यावर माणूस असलं तर मी शोधीन. जमिनीवरची माणसं आपल्याला कुठं गावतात?"

गफूरच्या घरची बिल्किस मला गुपचूप म्हणाली, काकी, नवस बोला. बोलले. माझ्या देवाला बोलले, तिच्या पिरालाही बोलले. कुणी ऐकलं नाही.

इकडे वाडीही राहिली नाही. उरलेली घरं एकेक करून मुंबईला गिरणीत गेली. जाणाऱ्यांची घरं तीन वर्षं उभी होती. मी शनिवारच्या शनिवारी हौसाचं घर सारवत असे. मग खोताने घरं पाडली आणि माड लावले. त्याचीच जमीन, त्याला काय बोलणार? बोलले, भरपूर बोलले, पण माड काही उपटले नाहीत त्याने. आम्ही तीन म्हाताऱ्या तेवढ्या उरलो.

चौतीस साली थंडीत एक कारकून आला. हरिश्चंद्र नाव, वर घाटावरचा, साताऱ्याकडला. सरकारी नवा नकाशा व्हायचा होता. गावोगावची नदी, ओहोळ, डोंगरातला पऱ्या, सगळ्यांची नावं लिहून न्यायचं त्याचं काम. माझ्या पडवीत येऊन बसला. मी बांगड्याचं तिखलं वाढलं तर म्हणाला, काटे फार आहेत हो. म्हटलं, बाबा, माशात काटे नसतील तर मग कशात असायचे?

"बरं, नदीचं नाव?" त्याने वही उघडली.

"सावंदी."

त्याने टाक खाली ठेवला. "आजी, चेष्टा करता काय? सावंदी तर माझ्या आजोळी आहे. घाटमाथ्याला. गाडी जाते तिच्यातनं उन्हाळ्यात."

मी तांदूळ निवडत होते, ते तसेच राहिले. त्याने कागदांचं बाड सोडलं, बोटाने ओळी चाळल्या आणि म्हणाला, "हे बघा. घाटाच्या पायथ्याशी एक पऱ्या. गेल्या महिन्यात मीच लिहिलाय. सावंदी. तिथली माणसं म्हणाली, आमचे वाडवडील वरून आले."

मग तो असा खुलला की जेवण विसरला. म्हणे, आजी, माणूस मरतो, घर पडतं, देऊळ पडतं, पण पाण्याचं नाव सहसा कुणी बदलत नाही. तुमची माणसं घाटावरून उतरली, पायथ्याशी राहिली, मग दर्यापर्यंत आली, आणि जिथे जिथे राहिली तिथे नाव ठेवत आली. कुठल्या कागदात हे नसेल, पण पाण्यांच्या नावांत आहे.

"त्यात शोध कसला?" मी म्हटलं. "वरली, मधली, खालली. आमच्या नवरीलाही ठाऊक असतं."

म्हटलं खरं, पण माझं काळीज हललं होतं. इतकी वर्षं ते नुसते शब्द होते. आता तिथे ओल्या मातीचे काठ होते आणि या पोराच्या आजोळची गाडी त्यातून जात होती. माझ्या मनात आलं, वरल्या सावंदीवर माझ्यासारखीच कुणी म्हातारी मागे राहिली असणार. तिचीही लेक उतरली असेल घाट. तिला काय कमी दुःख झालं असेल? पण तिने गडू भरून दिला. दिला म्हणून तर नाव इथवर आलं. माझ्याएवढी खडूस ती नव्हती.

"चौथी आहे का रे?" मी विचारलं.

"चौथी काय?"

"सावंदी. उत्तरेकडे कुठे. बघ बाबा नीट."

हौसाने माझं ऐकलं नसेल, एवढीच आता माझी आशा. लहानपणापासून कधी ऐकलं नव्हतंन. झाडावर चढू नको म्हटलं की चढायची, पाण्यात जाऊ नको म्हटलं की चिंब होऊन यायची. माझं म्हणणं झुगारून तिने कुठल्या तरी पऱ्याला सावंदी म्हटलं असेल, तर ते या कागदांत असणार आणि मला लेक सापडणार.

हरिश्चंद्राने सगळी बाडं सोडली. भला पोर, दोन तास बसला. खेड, दापोली, मंडणगड, सगळी गावं वाचलीन. नव्हती. चौथी सावंदी कुठेच नव्हती.

मी पदराने डोळे पुसले. जन्मात एकदा ऐकलंन, नि तेही हे.

तो कागद बांधायला लागला. मला बरं वाटावं म्हणून इकडचं तिकडचं बोलत होता. आपल्या कामाची रड सांगत होता. "नावं असतात तिथे चार चार असतात आजी, आणि नसतात तिथे एकही नाही. बुरोंडीच्या मागे डोंगरात एक वाडी आहे, दहा-अकरा घरांची. फार सुंदर पऱ्या, वैशाखातही आटत नाही म्हणतात. आणि नाव नाही. मी घरोघर विचारलं. साहेबाला रिकामी जागा चालत नाही, काहीतरी सांगा म्हटलं. तर एक बाई अशी अंगावर आली. म्हणे, अजून ठेवलं नाही, ठेवायचं तेव्हा ठेवू, तुम्ही कोण विचारणार?"

"कशी होती दिसायला?"

"उंच. आणि आवाज हा असा..." तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. "आवाज तुमच्यासारखा होता आजी."

वर्षानुवर्षं पाण्याकाठी राहून त्याला नाव न ठेवणारी माणसं जगात कोण असतील? ज्यांना नाव ठेवायची बंदी आहे ती. बंदी मी घातलेली. मला रडू आलं आणि खरं सांगते, थोडा अभिमानही वाटला. पोरीने माझा शब्द पाळला होता.

दोन दिवसांनी मी गडू घासला, सावंदीत उतरून भरला, फडकं बांधलं आणि गफूरच्या मचव्यात चढले. हातात गडू बघून गफूरने नांगर उचलला. बुरोंडीला उतरल्यावर एवढंच म्हणाला, "काकी, तिथे जाऊन भांडू नका."

"मी कशाला भांडू? मी नाव द्यायला चाललेय."

डोंगर चढायला अर्धा दिवस गेला. वरकस जमीन, नाचणीची कापलेली शेतं, मोळ्यांची रास. दर्याची माणसं डोंगरात येऊन लाकडं तोडत होती. पहिला दिसला तो भागोजी. खांद्यावर कोयता, केस पांढरे. त्याने मला ओळखलं आणि कोयता खाली ठेवून पायांना हात लावला. "मामी, उशीर केलात," म्हणाला. मग माझ्या हातातला गडू त्याने बघितला आणि त्याचं तोंड एकदम उजळलं. "बरं झालं. मी पाच वर्षं सांगतोय, नाव ठेवू. ऐकत नाय."

कोण ऐकत नाही, ते विचारायला नको होतं.

हौसा पऱ्यावर भांडी घाशीत होती. दोन मुली शेजारी. वाळलेली, पण पाठ तशीच ताठ. मला बघून उठली. आम्ही दोघी अशा उभ्या राहिलो की कुणी आधी हलेना.

"पत्ता तरी ठेवायचा होतास," मी म्हटलं. भांडायचं नाही असं ठरवून आले होते आणि तोंडातून हे निघालं.

"बोलावणं आलं असतं तर आले असते," ती म्हणाली.

"बोलावणं कुठे धाडू? वाऱ्यावर?"

मग ती रडायला लागली आणि मीही. मुली घाबरून बघत होत्या. मी त्यांना जवळ घेतलं, थोरलीचं नाव तुळसा, माझ्या आईचं. तेही मला तिथे कळलं.

जरा शांत झाल्यावर मी गडू पुढे केला. "चुकले गो मी. तेव्हाच द्यायला हवा होता. घे. माझी बंदी उठली. ओत पाण्यात आणि नाव घे."

हौसाने हात मागे घेतले.

"ओतू नको आये."

"अजून राग आहे?"

"राग नाय." ती पाण्याकडे बघून बोलत होती. "तुझ्या बंदीचं काय, ती मी पहिल्याच वर्षी मोडली असती. तुझं कधी ऐकलंय मी? पण नाव ठेवलं की आम्ही हितले झालो. मग जायचं राहिलं. मुलींना मी सांगते, हे नुसतं प्यायचं पाणी, आपली नदी तिकडे आहे. आपली घरं तिकडे आहेत. गाळ काय जन्मभर राहतो? एखाद्या पावसाळ्यात नदीच काढून टाकील. मग जाऊ. म्हणून ह्याला नाव नाय ठेवलं. घरं आहेत ना गो आपली?"

मी समजत होते की माझा शब्द तिला अडवतो आहे. माझ्या शब्दाला कुणी विचारतच नव्हतं. पोरगी इतकी वर्षं पाहुणी म्हणून राहिली होती, कारण तिला परत यायचं होतं. आणि कशासाठी परत यायचं, ते माझ्या डोळ्यांदेखत पाडलं गेलं होतं.

आयुष्यभर मी लोकांना तोंडावर खरं बोलले. फटकळ म्हणून नाव कमावलं. आणि आता खरं बोलायची वेळ आली तर खोटं जिभेवर आलं. आहेत म्हटलं असतं तर ती हसली असती. मी गडू घेऊन परत गेले असते, आणि या मुली बिननावाच्या पाण्यावर म्हाताऱ्या झाल्या असत्या.

"नाहीत," मी म्हटलं. "खोताने पाडली. माड लावलेत तिथे. धरते झालेत आता. मुखावर लोक चपला घालून चालत जातात हौसा, इतका गाळ आहे. वाडीत आम्ही तीन म्हाताऱ्या आहोत. परत यायला काही नाही."

ती खाली बसली. भागोजी वरून बघत उभा होता, तो जवळ आला नाही. धाकटी पोर माझ्या गडूच्या फडक्याशी खेळत होती.

मग हौसाने डोळे पुसले आणि म्हणाली, "तूच ओत. माझ्यानं नाय व्हायचं."

मी पाण्यात उतरले. गार पाणी, तळचे दगड दिसत होते. गडू रिता केला. पहिल्यांदा नाव हळू घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा मोठ्याने घेतलं. मुलींना मजा वाटली. त्यांनी "सावंदी, सावंदी" म्हणून काठाने धावायला सुरुवात केली. त्यांना काय त्याचं. त्यांच्या पऱ्याला आज नाव मिळालं होतं, बस्स.

हौसा त्यांच्याकडे बघत होती. मी बाहेर येऊन तिच्याशेजारी बसले. तिने माझ्या ओल्या लुगड्याचा पदर पिळून दिला, आणि पिळता पिळता हळूच विचारलं, "आये, माझ्या परसातला फणस तरी आहे ना?"

घर पाडलं त्याच दिवशी खोताने तो तोडला होता. गाडीभर लाकूड निघालं होतं.

"आहे," मी म्हटलं. "यंदा फार लागलाय."